डे-केअरच्या सिस्टर

गेल्या वर्षभरात आम्हाला चार घरांतून फोन आले. कुणाच्या भाच्याला, कुणाच्या नातवाला हिमोफिलिया निघाला होता आणि कुणीतरी आमचे नाव सांगितले होते. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, औषध कोणते आणि कुठे मिळते? औषध आम्ही सांगतो. पण त्याआधी विचारतो, "तुमच्या सेंटरवर सिस्टर कोण आहेत? त्यांचा नंबर घेतलात का?" समोरच्या माणसाला हा प्रश्न जरा विचित्र वाटतो. डॉक्टरांचे नाव सोडून हे लोक नर्सचे का विचारतात? फोनवर एवढे सगळे सांगता येत नाही, म्हणून लिहायला घेतले.

आम्ही म्हणजे मुलाचे अम्मी-अब्बा. तालुक्याच्या गावी आमची छोटी बेकरी आहे. मोठी मुलगी १७ वर्षांची, तिच्या पाठचा मुलगा ११ वर्षांचा. मुलाला हिमोफिलिया 'ए' आहे, तोही तीव्र स्वरूपाचा. जन्माला येणाऱ्या सुमारे ५,००० मुलग्यांमागे एकाला हा आजार असतो. त्यामुळे आसपासच्या दहा गावांत दुसरे घर सापडत नाही, आणि गावच्या डॉक्टरांनीही तो पुस्तकातच वाचलेला असतो.

रक्त गोठण्यासाठी शरीरात अनेक घटक लागतात. त्यांना फॅक्टर म्हणतात आणि ते क्रमांकाने ओळखले जातात. आमच्या मुलाच्या रक्तात आठव्या क्रमांकाचा फॅक्टर जवळजवळ नाहीच. निरोगी माणसात तो ५० ते १५० टक्के असतो, याच्यात एक टक्क्याहून कमी. लोकांना वाटते, अशा मुलाला सुई टोचली की रक्ताची धार लागते. तसे होत नाही. रक्त इतरांपेक्षा जोरात वाहत नाही, ते थांबायला मात्र फार वेळ लागतो. आणि खरा धोका बाहेर दिसणाऱ्या रक्ताचा नसतोच. गुडघ्यात, घोट्यात, कोपरात आतल्या आत रक्त साचते. सांधा सुजतो, तापतो, मूल रात्रभर रडते. असे त्याच सांध्यात पुन्हा पुन्हा झाले की सांधा कायमचा आखडतो.

मुलगा रांगायला लागला तेव्हा अंगावर काळेनिळे डाग दिसू लागले. शेजारणी विचारायच्या, याला मारता की काय? एका खासगी दवाखान्यात तापासाठी त्याच्या मांडीत इंजेक्शन दिले आणि मांडी दुप्पट फुगली. तिथून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे, असे करत आम्ही जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात पोहोचलो. एस.टी.ने दोन तासांचा रस्ता. तिथे पाच खाटांची एक खोली होती, दारावर 'डे-केअर' लिहिलेले. थॅलेसेमियाची मुले रक्त चढवून घेत होती. एका खाटेवर विशीतला एक मुलगा कोपर बर्फात धरून बसला होता. आणि टेबलापाशी सिस्टर होत्या.

रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरांनी वाचून दाखवला, आजाराचे नाव सांगितले, औषध लिहून दिले. पाच मिनिटांत झाले. त्यांना दोष देण्याचा हेतू नाही, बाहेर शंभर माणसे उभी होती. पुढचे दोन तास मात्र सिस्टरांनी आम्हाला दिले. त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि आमच्या खानदानाचा नकाशा काढायला सुरुवात केली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. "भाभी, तुमच्या माहेरी किती भाऊ? मामा किती? लहानपणी कुणी मुलगा गेला होता का?"

सोबत मुलाची नानी होती. ती गप्प झाली. मग म्हणाली, होता एक. आमच्यातल्या अम्मीलाही ठाऊक नव्हते की तिच्या आधी तिला एक भाऊ झाला होता. सहा वर्षांचा असताना गावात त्याची खतना झाली, रक्त थांबले नाही आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. घरात सगळ्यांनी नजर लागली असे म्हटले. त्यानंतर त्याचे नाव कुणी काढले नाही. सिस्टरांनी कागदावर एक लहान चौकोन काढून त्यावर तिरकी रेघ मारली आणि नानीला म्हणाल्या, "आजी, यात तुमची काही चूक नव्हती. तेव्हा हे इथे कुणाला कळलंच नसतं." नानी त्या खोलीत जितकी रडली तितकी आम्ही तिला कधी रडताना पाहिले नव्हते. चाळीस वर्षांचे ओझे होते ते.

खतनेनंतरच्या रक्तस्रावातून हा आजार उघडकीस यावा, हे जगभर घडत आले आहे. कुर्तुब्याचे अबुल कासिम अल-झहरावी हे मोठे शल्यचिकित्सक. सुमारे १,००० वर्षांपूर्वी त्यांनी 'अत-तसरीफ' या ग्रंथात अशा एका गावाची नोंद केली आहे, जिथले पुरुष साध्या जखमेनेही रक्त जाऊन मरत. या आजाराच्या इतिहासात त्यांचे नाव अगदी सुरुवातीला घेतले जाते. पुढे आम्ही हे सिस्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी ते आपल्या डायरीत लिहून घेतले, आणि नंतर येणाऱ्या प्रत्येक मुस्लिम कुटुंबाला त्या ते सांगू लागल्या!

आता दुसरी गोष्ट, जी आपल्या वाचकांनी नीट समजून घ्यावी असे आम्हाला वाटते. आमचे लग्न नात्यातले आहे, चुलतभाऊ-चुलतबहिणीचे. सिस्टरांकडे येण्याआधी दोन ठिकाणी आम्हाला ऐकवले गेले, "तुमच्यात नात्यात लग्न करतात ना, म्हणून होतं हे." आम्ही मान खाली घालून ऐकले. सिस्टरांनी कागदावरच दाखवले की हिमोफिलियाचा त्याच्याशी संबंध नाही. हा दोष एक्स नावाच्या गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स मिळतो तो आईकडून, बापाकडून वाय मिळतो. म्हणजे अम्मीचे लग्न सातासमुद्रापलीकडच्या माणसाशी झाले असते तरी मुलाला धोका तेवढाच होता, प्रत्येक वेळी निम्मा. नात्यातल्या लग्नाने वाढणारे आजार आहेत, थॅलेसेमिया त्यातलाच. ते नाकारण्यात शहाणपण नाही. पण जो दोष आपला नाही तो डोक्यावर घेऊनही काही साधत नाही.

हे ऐकताना दादीची नजर सुनेकडे वळलेली सिस्टरांनी टिपली. अशा किती दाद्या त्यांनी पाहिल्या असतील! त्यांनी लगेच दादीलाच जवळ बसवले. "आजी, हे कुणी मुद्दाम देत नाही. तीनपैकी एका घरात तर आधी कुणालाच नसतं, मुलातच नव्याने उद्भवतं. आता सुनेला बोल लावायचा की नातवाचा गुडघा वाचवायचा, एवढंच ठरवा." घरी येताना एस.टी.त दादीने नातवाला स्वतःच्या मांडीवर घेतले. त्यानंतर घरात या विषयावर वाद झाला नाही. औषधाच्या कुठल्या बाटलीतून हे काम झाले असते, सांगा.

सिस्टरांचे काम काय, असे कुणी विचारले तर आम्हाला एका वाक्यात सांगता येत नाही. त्यांच्याकडे जाड पुठ्ठ्याची एक वही होती. त्यात प्रत्येक मुलाचे पान. वजन, कोणता सांधा कधी भरला, किती युनिट दिले, बाटलीचा लॉट नंबर, शाळा कोणती, घरी फ्रिज आहे की नाही. आमच्या पानावर लिहिले होते, 'लाईट जाते, बेकरीत इन्व्हर्टर आहे'. कारण हा फॅक्टर २ ते ८ अंश तापमानात ठेवायचा असतो, फ्रीझरमध्ये नाही आणि फ्रिजच्या दारातही नाही. पहिली बाटली आमच्या हाती देण्याआधी त्यांनी लाईट किती वेळ जाते ते विचारले होते. म्हणून मुलाचे औषध आजही बेकरीच्या फ्रिजमध्ये क्रीमच्या डब्यांशेजारी वेगळ्या कुलपाच्या पेटीत असते.

त्यांनी मुलाच्या शाळेत फोन केला. पीटीच्या सरांशी बोलल्या. आम्ही घाबरून मुलाला मैदानावर पाठवायचे बंद केले होते, तर त्यांनी उलटेच सांगितले. स्नायू मजबूत असतील तर सांधा सांभाळला जातो, त्याला पोहू द्या, चालू द्या, सायकल चालवू द्या, कबड्डी नको. दातांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. लसी मांडीत खोल न देता त्वचेखाली बारीक सुईने देऊन नंतर पाच मिनिटे दाबून धरायचे, हे आमच्या गावच्या आरोग्यसेविकेला फोनवर समजावले. ॲस्पिरिन आणि ब्रुफेनच्या जातीची गोळी घरात नको, ताप आला तर पॅरासिटामॉल, हे त्यांनी दादीकडून पाठच करून घेतले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांचा समावेश झाला. त्याचा दाखला काढायला कोणत्या खिडकीवर जायचे, कोणता कागद कमी पडतो म्हणून परत पाठवतात, हे त्यांना तोंडपाठ. आमच्या आधी पन्नास जणांना त्यांनी त्या खिडकीपर्यंत नेले होते.

खतनेचा प्रश्न आमच्या मनात पहिल्या दिवसापासून होता. मामूची हकिकत कळल्यावर तर अम्मीने तो विषयच बंद केला होता. अब्बांना वाटत होते की व्हावी. दादीचे म्हणणे, बिरादरीत काय सांगायचे? आमच्या इमाम साहेबांनी स्पष्ट सांगितले की जिवाला धोका असेल तर थांबा, घाई कसली, दीन माणसाला अडचणीत टाकत नाही. सिस्टर हिंदू आहेत, पण या प्रश्नाला त्यांनी कधी हसण्यावारी नेले नाही किंवा 'गरज काय' असेही म्हटले नाही. म्हणाल्या, "करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. करायचं असेल तर कसं, ते मी सांगते. फक्त घरी नाही, आणि मला न सांगता नाही."

मुलगा सहा वर्षांचा झाल्यावर आम्ही करायचे ठरवले. त्याच्या दोन महिने आधीपासून सिस्टरांची तयारी चालू होती. आधी रक्ताची एक तपासणी. काही मुलांचे शरीर बाहेरून दिलेल्या फॅक्टरलाच शत्रू समजून त्याविरुद्ध प्रतिद्रव्य तयार करते, त्याला इनहिबिटर म्हणतात. तीव्र हिमोफिलिया 'ए'च्या दहापैकी साधारण तीन मुलांत ते आढळते. ते असेल तर नेहमीचे औषध चालत नाही आणि शस्त्रक्रिया मोठ्या जोखमीची होते. आमच्या मुलाला ते नव्हते, अल्हम्दुलिल्लाह. मग पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या सर्जनशी त्यांनीच बोलणे केले. शस्त्रक्रियेआधी किती युनिट, नंतर किती दिवस, तेवढ्या बाटल्या आधी हातात आल्याशिवाय तारीख घेऊ दिली नाही. जखमेवर टाका घालण्याची पद्धत, तोंडाने घ्यायचे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सगळे एका कागदावर. नानी त्या दिवसांत जानमाजवरून उठली नाही. आठव्या दिवशी सिस्टरांनी स्वतः पट्टी पाहिली, नानीला फोन लावला आणि म्हणाल्या, "आजी, कोरडी आहे जखम." एवढे तीन शब्द.

घरी औषध द्यायला त्यांनी आम्हाला शिकवले तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता, वजन २५ किलो. तोपर्यंत गुडघा भरला की एस.टी. पकडायची, दोन तास जायचे, सुई लावायची, संध्याकाळी परत. तेवढ्या वेळात रक्त साचायचे ते साचलेले असायचे. या आजारात पहिला तास फार मोलाचा. हिशेब त्यांनी सोपा करून सांगितला. वजनाच्या दर किलोला एक युनिट दिले की आठवा फॅक्टर दोन टक्क्यांनी वाढतो. २५ किलोच्या मुलाला ५०० युनिट दिले तर चाळीस टक्क्यांपर्यंत जातो, पण ८ ते १२ तासांत निम्मा होतो. म्हणून आठवड्यातून दोनदा थोडा थोडा द्यायचा, रक्तस्रावाची वाट न पाहता.

बाटलीतली पूड आणि पाणी मिसळताना हलवायचे नाही, हातात हळूच फिरवायचे, फेस होता कामा नये. अब्बांना अंडी फेटायची सवय, त्यांचा हात वारंवार जोरात फिरायचा आणि सिस्टर ओरडायच्या, "भाई, केक नाही करायचा आपल्याला!" शीर शोधायला अम्मी लवकर शिकली. अब्बांनी आधी सिस्टरांच्याच हातावर सुई लावली. त्यांनी स्वतःचा हात पुढे केला होता, आणि त्यांच्या कोपरापाशी तीन दिवस निळा डाग राहिला. दर मंगळवारी असे दहा आठवडे झाले. मगच त्यांनी डॉक्टरांपुढे फाईल ठेवली की हे कुटुंब तयार आहे, यांना घरी बाटल्या द्या. डॉक्टरांनी त्यांच्या शब्दावर सही केली. आम्ही अडचण आणणार नाही, बाटल्या वाया घालवणार नाही, प्रत्येक रिकामी बाटली मोजून परत आणू, याची हमी त्यांनी दिली होती.

त्याच वेळी त्यांनी एक कार्ड करून दिले, लॅमिनेशन केलेले. वर आजाराचे नाव, रक्तगट, वजन, फॅक्टरची मात्रा आणि खाली ठळक अक्षरांत, 'डोक्याला मार लागल्यास आधी फॅक्टर, मग तपासणी'. त्याशिवाय पेटीत ५०० च्या तीन बाटल्या अशा, ज्यांना नेहमीच्या डोससाठी हात लावायचा नाही.

वर्षभरात त्या तीन बाटल्यांची वेळ आली. ईदचा दुसरा दिवस, घरात पाहुणे, मुलगा चुलतभावाच्या सायकलवर मागे बसला आणि उतारावर दोघे पडले. डोके दगडावर आपटले. रक्त एक थेंबही नाही, साधे टेंगूळ. पाहुणे म्हणाले, काही झाले नाही, बर्फ लावा. अम्मी तोपर्यंत बेकरीच्या फ्रिजपाशी पोहोचली होती. तिन्ही बाटल्या दिल्या, मग गाडी काढली. ४० किलोमीटरवरच्या मोठ्या दवाखान्यात रात्री ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होते. आईबापांनी घरीच शिरेतून औषध दिले, यावर त्यांचा विश्वास बसेना. आधी रागावले, मग म्हणाले, मूल तर शुद्धीवर आहे, सकाळी पाहू. आम्ही कार्ड दाखवले आणि सिस्टरांना फोन लावून त्यांच्या हातात दिला. रात्रीचे अकरा वाजले होते. सिस्टर काय बोलल्या ते आम्हाला ऐकू आले नाही, डॉक्टरांचे "हो सिस्टर, हो सिस्टर" तेवढे ऐकू येत होते. स्कॅन लगेच झाला. मेंदूत काही नव्हते. पुढचे चार दिवस बाटल्या कुठून आणायच्या याची सोयही त्याच फोनवर लागली. निघताना त्या डॉक्टरांनी कार्डाचा मोबाईलवर फोटो काढून घेतला, म्हणाले, असू दे माझ्याकडे. चांगला माणूस होता, फक्त त्याला हे कुणी शिकवले नव्हते.

पुढे आम्हाला कळले की सिस्टर जे करत होत्या त्याला बाहेरच्या देशांत एक नाव आणि एक पद आहे. नर्स कोऑर्डिनेटर म्हणतात, कुठे केस मॅनेजर. जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत उपचार केंद्राच्या मूळ चमूत डॉक्टरांच्या बरोबरीने या नर्सचे स्थान आहे. अमेरिकेत तर १९७५ पासून अशा केंद्रांना सरकारी निधी मिळतो. आमच्या सिस्टरांच्या ऑर्डरवर मात्र फक्त 'स्टाफ नर्स' लिहिलेले. सकाळी डे-केअर, माणसे कमी असली की दुपारी प्रसूती वॉर्ड. फोन त्यांचा स्वतःचा, रिचार्ज स्वतःचा, ती जाड वहीसुद्धा स्वतःच्या पैशांनी आणलेली. त्या आजारी पडल्या तर डे-केअरला कुलूप. फ्रिजची किल्ली दुसऱ्या कुणाकडे नसायची, कारण बाटल्यांचा हिशेब कुणाला घ्यायचा नव्हता. एका चांगल्या बाईच्या भरवशावर अख्ख्या जिल्ह्याची मुले. आम्ही तिचे आभार मानतो, तिच्यासाठी दुआ करतो, पण हे सांगितलेच पाहिजे की दुआ हे पदनाम नाही. सरकारने महागड्या बाटल्या मोफत द्यायला सुरुवात केली ही मोठी गोष्ट झाली. पण ती बाटली वेळेवर योग्य शिरेत जाईल हे पाहणारे माणूस पगारपत्रकावर का नाही?

काही औषध कंपन्याही आपल्या औषधासोबत नर्स देतात, त्या घरी येतात, शिकवतात. त्यांचा उपयोग होतो हे खरे. पण कंपनीची नर्स कंपनीच्याच औषधाबद्दल बोलणार, हे लक्षात ठेवून ऐकावे. आता त्वचेखाली देण्याचे एमिसिझुमॅब नावाचे नवे इंजेक्शन निघाले आहे. आठवड्याने, पंधरा दिवसांनी किंवा चार आठवड्यांनी एकदा, शीर शोधायला नको. फार महाग आहे, तरी काही मुलांना मिळू लागले आहे आणि त्यांचे आयुष्य बदलले आहे. त्यावर कुणी म्हणते, आता सिस्टरची गरजच उरणार नाही. आम्हाला ते पटत नाही. ते चालू असताना मोठा मार लागला तर फॅक्टर द्यावाच लागतो. शिवाय रक्त गोठण्याची नेहमीची एक तपासणी त्या औषधामुळे फसवी येते, सगळे ठीक असल्यासारखी दिसते. रात्री अकरा वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरांना हे कोण सांगणार?

मुलीबद्दल लिहावे की नाही, यावर आमच्यात बरेच बोलणे झाले. तिलाच विचारले. ती म्हणाली, नाव न घालता लिहा. तर ती चौदा वर्षांची असताना एकदा भावाबरोबर डे-केअरला आली होती. सिस्टरांनी तिचा चेहरा पाहिला आणि तिला बाजूला घेऊन विचारले, पाळी किती दिवस असते? आठ-नऊ दिवस, आणि शाळेत जाता येत नाही इतकी. घरात सगळे म्हणत होते, अशक्त आहे, खजूर द्या. सिस्टरांनी तिचाही फॅक्टर तपासायला लावला. तीस टक्क्यांच्या आसपास आला. हा आजार पुरुषांचा, बायका फक्त तो पुढे नेतात, असे सगळेच सांगतात. पण ज्यांच्याकडे तो दोष असतो त्या मुलींपैकी काहींचा फॅक्टर स्वतःलाच त्रास होईल इतका कमी असतो. तिला आता पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आहे, लोहाच्या गोळ्या आहेत आणि बाळंतपणाच्या वेळी काय काळजी घ्यायची याचा कागद आतापासून फाईलला लावलेला आहे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. जनुकीय तपासणीसाठी तिथे जायचा रस्ताही सिस्टरांनीच दाखवला.

आता स्थळांची विचारणा सुरू झाली आहे. वडीलधाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे, हे सांगू नका, मुलगी दिसायला धडधाकट आहे, घरात राहील. नानी मात्र ठाम आहे, सांगायचेच. तिने एक मूल न कळता गमावले, ती गप्प बसण्याच्या बाजूने कशी बोलेल? आमचेही तेच मत झाले. पहिल्या स्थळाने निरोपच पाठवला नाही. दुसऱ्या घरच्यांनी विचारले की याबद्दल नीट कोण सांगेल. आम्ही सिस्टरांचा नंबर दिला. सिस्टर त्यांच्याशी तासभर बोलल्या. काय ठरेल ते अल्लाह जाणे, मुलीला अजून शिकायचे आहे आणि आम्हालाही घाई नाही.

जूनमध्ये सिस्टरांची बदली झाली, दुसऱ्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात. बदल्या होतातच. जाण्याआधी त्यांनी जाड वहीतले प्रत्येक पान त्या त्या घरच्यांना मोबाईलवर पाठवले आणि मूळ वही नव्या सिस्टरांच्या हवाली केली. नव्या सिस्टर वयाने लहान आहेत, याआधी त्या बालविभागात होत्या. पहिल्या मंगळवारी आम्ही मुलाला घेऊन गेलो तेव्हा त्या वही उघडून वाचत बसल्या होत्या, मध्येच आम्हाला थांबवून विचारत होत्या. 'लाईट जाते' म्हणजे काय? आम्ही सांगितले. सुई लावायची वेळ आली तेव्हा त्यांनी डावा हात धरला. मुलाने तो हळूच सोडवून घेतला आणि उजवा पुढे केला.

"सिस्टर, ही शीर चांगली आहे," तो म्हणाला. "पट्टा थोडा वर बांधा. आणि बाटली हलवायची नाही, नुसती फिरवायची."